बालेवाडी ते चर्चगेट : व्यावसायिक टेनिस स्पर्धा चालते कशी

(वसई येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. पुण्याला बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात पाच वेळा एक मोठी टेनिस स्पर्धा झाली. टाटा ओपन महाराष्ट्र. पुरुषांच्या एटीपी टूरवरची, भारतातली त्या वेळची एकमेव. कोविडमुळे 2021 साल बुडालं, ते सोडलं तर दरवर्षी झाली. आणि 2024 च्या जानेवारीत ती झालीच नाही. मैदान जागेवर, प्रेक्षागार जागेवर, दिवेसुद्धा जागेवर. मग स्पर्धा गेली कुठे?

याचं उत्तर शोधताना व्यावसायिक टेनिसचा अख्खा कारभार कळतो, म्हणून आम्ही हाच धागा धरला आहे. आणि पुरुषांची स्पर्धा गेली तरी बायकांची एक स्पर्धा आपल्या अगदी दाराशी आली आहे, विरार लोकलच्या शेवटच्या स्टेशनवर. तिच्याबद्दलही बोलायचं आहे.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की टेनिस स्पर्धा शहराच्या मालकीची नसते. आपल्याला रिक्षाचं उदाहरण लगेच समजेल. पैसे असले की रिक्षा कोणीही घेईल, पण परमिट असल्याशिवाय ती स्टँडला लागत नाही. टेनिसचं तसंच आहे. वर्षाचे आठवडे बावन्न. कुठल्या आठवड्यात, कुठल्या दर्जाची स्पर्धा कोण भरवणार, याचं परमिट पुरुषांसाठी एटीपी देते आणि स्त्रियांसाठी डब्ल्यूटीए. परमिट ज्याच्याकडे आहे तो शहराशी करार करतो. करार संपला, पैशाचं जमलं नाही, की परमिट दुसऱ्या गावाला जातं.

पुण्याच्या स्पर्धेचा प्रवास बघा. 1996 मध्ये ती दिल्लीत सुरू झाली. पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि 2017 पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, तिथे राहिली. चेन्नईकरांना ती आपलीच वाटायची, आणि का वाटू नये? पॅट्रिक राफ्टर तिथे जिंकला, कार्लोस मोया दोनदा जिंकला, वावरिंका चारदा. पेस-भूपती जोडीने दुहेरी पाच वेळा जिंकली. राफाएल नदाल तिथे 2008 मध्ये अंतिम सामना खेळला आणि युझ्नीकडून 6-0, 6-1 असा हरला. इतकं सगळं होऊनसुद्धा 2017 च्या उन्हाळ्यानंतर बातमी आली की पुढची स्पर्धा पुण्याला. हक्क आयएमजी या कंपनीकडे होते, महाराष्ट्र सरकारने आणि राज्याच्या लॉन टेनिस संघटनेने पाच वर्षांची तयारी दाखवली, आणि स्पर्धा घाट चढून आली. चेन्नईकरांना काय वाटलं असेल ते पुणेकरांना सहा वर्षांनी कळलं.

आता पुण्यातली पाच वर्षं. 2018 ला फ्रान्सचा जिल सिमोन जिंकला, अंतिम फेरीत त्याने दक्षिण आफ्रिकेच्या केविन अँडरसनला हरवलं. अँडरसन पुढच्या वर्षी परत आला आणि जिंकला. तो 2019 चा अंतिम सामना ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. समोर क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच. एकाची उंची 203 सेंटिमीटर, दुसऱ्याची 211. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले: 7-6, 6-7, 7-6. कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता. एवढ्या वयात एटीपी टूरचा अंतिम सामना त्याआधी 1977 मध्ये केन रोझवॉल खेळला होता, आणि तो हाँगकाँगला. हे हाँगकाँग नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

2020 ला चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली, 2022 ला पोर्तुगालचा जोआव सोसा, 2023 ला नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर. यातली किती नावं तुम्हाला माहीत आहेत? प्रामाणिकपणे सांगा. फारशी नसतील, आणि त्यात तुमचा दोष नाही. या दर्जाच्या स्पर्धेला 250 म्हणतात, कारण विजेत्याला 250 गुण मिळतात. ग्रँड स्लॅमला 2000, त्याखाली 1000 च्या नऊ स्पर्धा, मग 500, मग 250. म्हणजे पुण्याची स्पर्धा ही टूरची सगळ्यात खालची पायरी. पण त्या पायरीच्या खाली केवढं मोठं तळघर आहे ते बघा: चॅलेंजर स्पर्धा, आणि त्याहून खाली आयटीएफच्या पंधरा हजार डॉलरपासूनच्या छोट्या स्पर्धा. जगातले बहुतेक व्यावसायिक खेळाडू आयुष्य तळघरात काढतात.

तारखांचं राजकारणही समजून घ्या. 2018 आणि 2019 ला पुण्याची स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. ऑस्ट्रेलियन ओपनच्या आधी हार्ड कोर्टवर हात साफ करायला खेळाडू यायचे. 2020 ला ऑस्ट्रेलियात नेमक्या त्याच दिवसांत एटीपी कप नावाची देशोदेशींच्या संघांची नवी स्पर्धा सुरू झाली आणि पुणे फेब्रुवारीत ढकललं गेलं. फेब्रुवारीत कोण येणार? मेलबर्न नुकतंच संपलेलं, कोणी दक्षिण अमेरिकेत मातीवर गेलेलं, कोणी युरोपात छताखाली खेळतंय. 2023 ला पुणे पुन्हा पहिल्या आठवड्यात आलं, मारिन चिलिच अग्रमानांकित म्हणून आला आणि उपांत्यपूर्व सामन्याआधी गुडघ्याने दगा दिल्यामुळे बाहेर पडला. लहान स्पर्धेचं हे असं असतं. एका माणसाच्या गुडघ्यावर तिकीटबारी उभी.

आणि 2024 च्या पहिल्या आठवड्यात त्या जागी हाँगकाँगला एटीपी 250 स्पर्धा झाली. रुब्लेव जिंकला. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी भारतात एटीपी टूरची एकही स्पर्धा नव्हती.

यात आपलं काय गेलं, हा खरा प्रश्न आहे. मोठे खेळाडू बघायला मिळाले नाहीत हे खरं, पण ते टीव्हीवर दिसतातच. गेलं ते वेगळंच.

250 च्या एकेरीत 28 खेळाडू असतात. त्यातले बहुतेक जागतिक क्रमवारीनुसार थेट येतात. चार जण पात्रता फेरी जिंकून येतात. आणि तीन जागा आयोजकांच्या हातात असतात, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. या तीन जागा म्हणजे यजमान देशाचा हक्काचा वाटा. क्रमवारीत जो पोरगा तीनशेवा, पाचशेवा आहे, ज्याला एरवी या दाराच्या आत पाऊल टाकता येणार नाही, त्याला घरचे लोक हात धरून आत घेतात.

आत घेतल्याने काय होतं? कधी काहीच होत नाही. पहिल्या फेरीत हरलात तर 250 मध्ये गुण शून्य. पण 2009 ला चेन्नईत सोमदेव देववर्मनला असंच वाइल्ड कार्ड मिळालं होतं. जागतिक क्रमवारीत तो तेव्हा दोनशेच्या आसपास. त्याने मोयाला हरवलं, मग कार्लोविचला, तोच पुण्यातला उंच माणूस, आणि थेट अंतिम फेरीत गेला. चिलिचकडून हरला, पण उपविजेत्याला तेव्हा 150 गुण होते. पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेत्याला आज 15 गुण मिळतात. म्हणजे तसल्या दहा स्पर्धा जिंकून जे मिळायचं ते घरच्या गावात एका आठवड्यात. सानिया मिर्झाचंही बघा. 2005 ला हैदराबादला, आपल्याच शहरात, ती जिंकली आणि डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुण्यात एकेरीत असं काही झालं नाही, पण दुहेरीत झालं. 2019 ला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, 2022 ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन.

2023 ला पुण्याच्याच मानस धामणेला वाइल्ड कार्ड मिळालं. वय 15. अमेरिकेच्या मायकल मोसमोर तो 6-2, 6-4 असा हरला. काही जण म्हणाले की एवढ्याशा मुलाला जागा देण्यापेक्षा अनुभवी खेळाडूला द्यायची. आमचं मत वेगळं आहे. पंधराव्या वर्षी समोरच्याची सर्व्हिस किती जोरात येते ते स्वतःच्या रॅकेटवर कळणं, आणि तेही घरच्या प्रेक्षकांपुढे, याची किंमत गुणांत होत नाही. अनुभवी खेळाडूसाठी पात्रता फेरी आहे की.

घरची स्पर्धा गेली म्हणजे या तीन खिडक्या बंद झाल्या. मग पोरगा काय करतो? तुर्कस्तानात अंताल्याला जातो, ट्युनिशियात मोनास्तीरला जातो. तिथे जवळजवळ दर आठवड्याला छोट्या स्पर्धा चालतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळं खिशातून. आणि पंधरा हजारी स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात पडतात दीडशे डॉलरच्या आसपास. गुण बरोबर बावन्न आठवडे टिकतात, मग गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं ते या वर्षी पुन्हा कमवा, नाहीतर खाली या. दुखापत झाली तरी गुण थांबत नाहीत, गळतच राहतात. दुखापतीसाठी संरक्षित क्रमवारीची सोय आहे, पण ती निदान सहा महिने बाहेर बसलेल्यालाच.

आता थोडं कोर्टाबद्दल, कारण मघाशी बाहेर चहा घेताना एकाने विचारलं की हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंटच ना? खाली डांबर किंवा काँक्रीट असतं, बरोबर. पण त्यावर ॲक्रिलिक रंगाचे थर देतात आणि त्या रंगात बारीक वाळू मिसळलेली असते. वाळू जास्त आणि भरड, तर चेंडू पकडला जातो, खेळ मंदावतो. वाळू कमी, तर चेंडू सटकतो. म्हणून दोन हार्ड कोर्टं एकसारखी नसतात, आणि आयटीएफ त्यांच्या वेगाच्या पाच प्रती करते, मंदपासून जलदपर्यंत. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. हवा थोडी विरळ, चेंडू जरा जास्त पळतो. जोरकस सर्व्हिसवाल्यांना ते मानवतं, ही सोपी गोष्ट आहे. चर्चगेटला समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा दमट आणि जड.

आपल्याकडे कोर्ट बांधायचं म्हटलं तर दोन अडचणी. पहिली पाण्याची. कोर्ट दिसायला सपाट, पण त्याला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार द्यावा लागतो, आणि तो एकाच दिशेला, नाहीतर आपल्या पावसात तळं होतं. खाजणाच्या भरावावर बांधलं तर जमीन बसते आणि रंगाच्या थरात भेगा पडतात. दुसरी अडचण जागेची. रेघांच्या आतलं कोर्ट 23.77 मीटर लांब, पण मागे-बाजूला धावायला जागा धरली तर साधारण 36.5 बाय 18.3 मीटर लागतात. गुंठ्यात सांगायचं तर साडेसहा गुंठे. चार माणसं खेळणार आणि साडेसहा गुंठे अडवणार! वसई-विरारमध्ये तेवढ्या जागेवर बिल्डर काय उभं करतो ते आम्ही सांगायला नको. (हशा.) बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारने उभारलं, म्हणून तिथे टेनिसला ऐसपैस जागा मिळाली. शहर वाढल्यानंतर अशी जागा निघत नाही.

आता स्त्रियांकडे येऊ.

पुष्कळांना वाटतं की टेनिस स्पर्धा म्हणजे पुरुष आणि स्त्रिया दोन्ही, कारण आपण विम्बल्डन तसं बघतो. ग्रँड स्लॅममध्ये तसं असतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जानेवारीत हार्ड कोर्टवर दोघांची स्पर्धा एकाच आठवड्यात होते. पण बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या. दोन संघटना आहेत ना: एटीपी 1972 ची, डब्ल्यूटीए 1973 ची. दोन परमिटं, दोन वेळापत्रकं. दोन्ही एकत्र आणायच्या तर कोर्टं जास्त, हॉटेलच्या खोल्या जास्त, पंच जास्त, आणि दोन्हींची बक्षिसं. पुण्यात एकट्या पुरुषांच्या स्पर्धेची बक्षीस रक्कम पाच लाख डॉलरच्या वर होती. त्यामुळे महाराष्ट्रात एटीपी आणि डब्ल्यूटीए कधी एका आठवड्यात नांदल्या नाहीत. पुरुष बालेवाडीला, स्त्रिया मुंबईला, असं साधारण झालं.

मुंबईची स्पर्धा म्हणजे मुंबई ओपन. दर्जा डब्ल्यूटीए 125. मुख्य टूरच्या एक पायरी खाली, बक्षीस सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर. 2017 आणि 2018 ला झाली, मग मोठा खंड, आणि 2024 व 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा. जागा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात. विरार फास्ट पकडायची, चर्चगेटला उतरायचं, पाच-सात मिनिटं चालायचं. याच क्लबमध्ये पुरुषांचीही एटीपी स्पर्धा 2006 आणि 2007 ला झाली होती, दुसऱ्या वर्षी रिशार गास्के जिंकला. तीही गेली. परमिटं फिरतात ती अशी.

125 म्हटल्यावर नाक मुरडू नका. 2017 ला मुंबई ओपन कोण जिंकलं माहीत आहे? 19 वर्षांची एक बेलारूसची मुलगी, आर्यना सबालेंका. चर्चगेटला संध्याकाळी गाडी पकडायला धावणाऱ्या लाखो माणसांपैकी कितींना पत्ता होता की भिंतीपलीकडे पुढची जागतिक क्रमांक एकची खेळाडू खेळते आहे? तिने पुढे ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा, अमेरिकन ओपन दोनदा जिंकली. त्याआधी 2012 ला पुण्यात 125 दर्जाची स्पर्धा झाली, ती एलिना स्वितोलिनाने जिंकली. तेव्हा ती 18 वर्षांची. पुढे जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. आम्हाला विचाराल तर 250 मध्ये थकलेले मोठे खेळाडू बघण्यापेक्षा 125 मध्ये भुकेले लहान खेळाडू बघणं जास्त मजेचं.

आणि आपल्या मुली. 2024 ला सहजा यमलापल्लीने पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकेच्या केला डेला हरवलं. 2025 ला कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती, वय 15, पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे तिला यिल टाइशमनने हरवलं, आणि तीच शेवटी जिंकली. वाइल्ड कार्डाची खिडकी किंवा पात्रता फेरीचं दार घराजवळ उघडं असलं की काय होतं, त्याचं यापेक्षा ताजं उदाहरण आमच्याकडे नाही. आपल्या ऋतुजा भोसलेने 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. तीही याच आयटीएफ आणि 125 च्या जिन्यावरून वर आलेली.

म्हणून राज्याने पाच वर्षं एका 250 वर पैसे घालावेत की तेवढ्यात वर्षाला अनेक चॅलेंजर, 125 आणि आयटीएफ स्पर्धा भरवाव्यात? आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. मोठ्या स्पर्धेला फोटो चांगले येतात, प्रायोजक पटकन मिळतो, मंत्री येतात. पण तीन वाइल्ड कार्डं आणि चार पात्रता जागा एका आठवड्यापुरत्या. छोट्या पाच स्पर्धांत त्या पाचपट होतात, आणि तिथे आपली मुलं एखाददुसरा सामना जिंकूही शकतात. अंताल्याचं तिकीट वाचतं ते वेगळंच. अर्थात याला उत्तर आहे: मोठी स्पर्धा डोळ्यांनी बघितल्याशिवाय दहा वर्षांचं पोर रॅकेट हातात घेत नाही. हेही खोटं नाही.

आता प्रश्न घेऊ.

(एका पालकांनी विचारले: मुलगी अकरा वर्षांची आहे, वर्षभर खेळते. या जिन्यावर ती कुठे उभी राहते?)

ताई, सध्या तळाशी, आणि ते वयाला धरून आहे. अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्या स्पर्धा असतात. सगळ्यात खालच्या पायरीला टॅलेंट सिरीज म्हणतात, तिथून सुरुवात करा. आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धा तेराव्या वर्षापासून. व्यावसायिक गुणांचा विचार चौदाच्या आत करताच येत नाही, नियमच आहे तसा, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. खर्च सरावाचा आणि प्रवासाचा, आणि प्रवासाचा भारी पडतो. जवळच्या स्पर्धा आधी निवडा.

आणि मुंबई ओपन पुन्हा भरली तर तिला अंतिम सामन्याला नेण्यापेक्षा पात्रता फेरीच्या दिवशी न्या. गर्दी कमी असते, कोर्टाच्या अगदी जवळ बसता येतं. शेजारच्या कोर्टावर कोणी सराव करत असेल तर तोही बघा. सर्व्हिस आणि परतीचा फटका यांच्यामध्ये खेळाडूचे पाय काय करतात तेवढंच बघायला सांगा तिला. सकाळची गाडी लवकर पकडा, विरारहून बसायला जागा मिळते. वसईला मात्र उभंच राहावं लागेल.